नव्या टायरचे पहिले शंभर किलोमीटर

गाडीचं इंजिन ठणठणीत होतं, फक्त टायर बदलायचे होते. त्या आठवड्यात हे वाक्य सुबोध चिंदरकरने इतक्या जणांना ऐकवलं की शेवटी शेवटी 'फक्त' हा शब्द उच्चारताना त्याला स्वतःलाच कसंतरी व्हायला लागलं. माणूस स्वयंपाकघरातला एक नळ बदलायला काढतो, तेव्हाही तो प्लंबरला 'फक्त' असंच सांगतो. पुढे सहा महिने त्या घरात कोण कसं आंघोळ करतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

सुरुवात नोटिशीने झाली. मुलुंड पूर्वेच्या सोनचाफा सोसायटीचे सेक्रेटरी मार्तंड दिघे सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण कचेरीची भाषा त्यांच्या तोंडून काही निवृत्त झाली नव्हती. नोटिशीत लिहिलं होतं: 'पार्किंगमध्ये उभी असलेली बंद वाहने भंगारात देण्यात येतील. तथापि, येत्या रविवारच्या सर्वसाधारण सभेस प्रारंभ झाल्यानंतर व सदर सभा संपण्यापूर्वी जे वाहन स्वतःच्या शक्तीवर गेटबाहेर जाऊन पुनश्च आपल्या जागी येईल, ते वाहन चालू समजण्यात येईल.' वाहनं अनेक असल्यासारखी ही भाषा होती. प्रत्यक्षात सोसायटीत न हलणारं वाहन एकच होतं, आणि ते सुबोधच्या वडिलांचं होतं.

लवू चिंदरकर, वय एक्याऐंशी, एके काळी गिरणीतले फिटर. त्यांची गाडी म्हणजे सहासष्ट सालची मरून रंगाची जावा मोटारसायकल, टाकीच्या दोन्ही अंगांना चकाकती पट्टी. गेली अठरा वर्षं ती जिन्याखाली स्टँडवर उभी होती. उभी होती, पण बंद नव्हती. दर शनिवारी सकाळी आठ वाजता लवू खाली उतरत, पेट्रोलचा नळ उघडत, किक मारत आणि सात मिनिटं इंजिन चालू ठेवत. मग नळ बंद. या सात मिनिटांत सुबोधचं काम एकच, फडकं धरून उभं राहायचं. बाबा हात पुढे करत, सुबोध त्यात फडकं ठेवी. गाडीचे कागद वेळच्या वेळी भरणं, आरटीओत रांगा लावणं हेही त्याच्याकडेच होतं, पण मानाचं काम फडक्याचं. गाडी चालवण्याचा विषय मुलाच्या बावन्न वर्षांच्या आयुष्यात कधी निघाला नव्हता. सुबोधने काढला नाही आणि बाबांनी काढू दिला नाही.

इथे सुबोधचा एक स्वभाव सांगून ठेवायला हवा. हा माणूस चकित होण्यासाठीच जन्माला आला होता. विमा कार्यालयात काम करायचा, पण रस्त्यात कुणी नुसता खिळा सरळ ठोकताना दिसला तरी थांबून बघत राहायचा. स्वतःला काही येत नाही, म्हणून ज्याला येतं त्याच्यापुढे तो हात जोडून उभा. बाबांच्या पहिल्या किकेला इंजिन धडधडलं की दर शनिवारी त्याच्या अंगावर काटा येई, आणि हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिला ते माहीत होतं ही गोष्ट वेगळी.

लवूंनी नोटीस वाचली. वर आले, चहा अर्धा टाकला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "गाडी जाऊन्दे. टायर मेले तिचे. मेल्या टायरार कशी भायर जातली?"

"मी आणतो टायर," सुबोध म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू तो चंद्र आणतो म्हणाला होता. "तुका काय कळता त्यातला? टायर म्हंजे काय पायताण आसा? गावलां तां घातलां?"

रुचिराने, म्हणजे सुबोधच्या बायकोने, वाटीत आमटी वाढता वाढता नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती समजली की आता रविवारपर्यंत घरात दुसरा विषय नाही.

सोमवारी सकाळी सुबोध जिन्याखाली पोचला तोवर सल्लागार मंडळ जमलेलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचा किरण फोन उघडून उभा होता. "काका, झकास चान्स आहे. जाड टायर टाकू या, ट्यूबलेस. एकदम रेट्रो लूक येईल."

"पण हिच्या रिममध्ये ट्यूब लागते ना रे?"

"मग रिमपण बदलू."

"आणि जाड टायर मडगार्डला घासेल."

"मडगार्ड काढून टाकू, यार!" किरणच्या हिशेबाने दहा मिनिटांत गाडीचं फक्त हँडल मूळचं उरलं. पहिल्या मजल्यावरच्या सुगंधाबाईंनी खाली वाकून जुना टायर अंगठ्याने दाबला, हापूस दाबतात तसा, आणि "अजून आहे हो जीव यात," असा निकाल दिला. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाने तो टायर दाबला. दाबणाऱ्याच्या अंगठ्याला काय कळतं हे कुणी विचारलं नाही, पण प्रत्येकाने दाबून झाल्यावर मान मात्र अशी हलवली की सुबोध पुन्हा चकित झाला. इतके जाणकार एकाच सोसायटीत राहतात आणि आपण त्यांच्याशी फक्त पाण्याच्या वेळेबद्दल बोलत आलो, याचं त्याला वाईट वाटलं.

खरी अडचण मग कळली. टायरवर साइजचे आकडे असतात. या टायरवर नव्हते. पुढच्याही नाही, मागच्याही नाही. दोन्ही बाजू गुळगुळीत, तुळतुळीत. लवूंनी खुर्चीत बसूनच विचारलं, "आकडे खंय गेले?"

 आकडे कुठे गेले ते सुबोधला त्या क्षणी लख्ख कळलं होतं. शनिवारी बाबा वर गेले की तो पाच मिनिटं मागे राही, आणि फडक्यावर थोडं खोबरेल तेल घेऊन दोन्ही टायर पुसून काढी. टायर कसे काळेभोर, ओले दिसायचे! गाडीला आपला हात लागावा अशी ती त्याची एकट्याची, चोरून केलेली सेवा होती. अठरा वर्षांत त्या सेवेने आकडे साफ उडवले होते. आता साइज माहीत नाही म्हटल्यावर टायरच काढून बरोबर न्यावा लागणार होता. बाबांनी पुढचं चाक खोललं, टायर उतरवला, आणि मंगळवारी सुबोध रजेचा अर्ज देऊन टायर खांद्यात अडकवून बाहेर पडला.

टायर घेऊन शहरात फिरणाऱ्या माणसाला काय काय सोसावं लागतं हे ज्याने टायर नेला त्यालाच कळतं. रिक्षावाला विचारतो, "स्टेपनी का?" ओळखीचे लोक ओळख दाखवत नाहीत. घाटकोपरला तीन दुकानांत त्याने टायर काउंटरवर ठेवला. पहिला म्हणाला, "ही साइज बंद झाली." दुसरा म्हणाला, "ही साइज कधी नव्हतीच." तिसऱ्याने टायर हातात घेऊन कारागिराला बोलावलं, कारागिराने मालकाच्या वडिलांना बोलावलं, आणि तिघांनी मिळून त्याला चहा पाजून परत पाठवला. गोवंडीला एका जुन्या मालाच्या गोदामात मात्र चमत्कार झाला. मालकाने गोणपाटातून एक टायर काढला. काळा कुळकुळीत, कधी रस्ता न पाहिलेला, आणि पुढच्या चाकाला हव्या तशा सरळ रेघांची नक्षी. "ओरिजिनल माल, साहेब. तेव्हाचा. असा आता बनत नाही."

सुबोधने त्या टायरवरून हात फिरवला. त्याला भरून आलं. आपण जन्मलो त्या सुमाराला हा टायर बनला, तेव्हापासून कुणाची तरी वाट बघत अंधारात बसला, असं काहीबाही त्याच्या मनात येऊन गेलं. तो टायर त्याने घरी आणला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला.

लवूंनी चष्मा लावला. टायर उचलला, दोन्ही हातांनी किंचित वाकवला. कर्र असा आवाज झाला आणि त्या सुंदर रेघांच्या मधोमध बोटभर भेग उघडली. वरची चमक पॉलिशची होती.

"ह्यो टायर माझ्याच वयाचो आसा," लवू म्हणाले. "तरी माझी कातडी बरी." आणि ते पुन्हा भिंतीकडे वळले. सुबोधला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

बुधवारी रात्री आशा दिसली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या म्हाताऱ्याने सुबोधच्या खांद्यावरचा टायर लांबूनच पाहून विचारलं, "जावाचा ना? मग मनोरीच्या महादूला का नाही विचारत? त्याची गाडी अजून रोज मासळीच्या टोपल्या ओढते. तो टायर कुठून आणतो ते तोच सांगेल." म्हाताऱ्याने लांबून, आकडे नसताना, अंधारात टायर ओळखला होता. सुबोध त्याच्याकडे बघतच राहिला.

गुरुवारी तो बसने निघाला. नेमका त्या दिवशी पाणीप्रश्नावर कुणाचा तरी मोर्चा होता, आणि गोरेगावच्या चौकात बस थांबवून लोकांना उतरवत होते. सुबोध टायर घेऊन उतरला आणि चालायला लागला. पन्नास पावलंही झाली नसतील, एका हवालदाराने काठी आडवी धरली.

"टायर घेऊन कुठं? कुठल्या पक्षाचे?"

"पक्ष नाही. विमा."

"जाळायला आणलाय?"

"छे हो! वडिलांच्या गाडीचा आहे."

"गाडी कुठंय?"

"मुलुंडला."

"गाडी मुलुंडला, टायर गोरेगावला आणि तुम्ही चाललाय मोर्चाच्या दिशेने." हवालदाराने साहेबांना बोलावलं. साहेबांनी सुबोधला आपादमस्तक न्याहाळलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात सँडल, कडेवर टायर. सुबोधचा मानभंग झाला होता यात शंका नाही. पण खरं सांगायचं तर बावन्न वर्षांत आपल्याला कुणीतरी इतकं धोकादायक समजावं याचं त्याला मनातून थोडं अप्रूपही वाटत होतं. शेवटी साहेबांनी टायर हुंगला. "याला खोबरेल तेलाचा वास येतोय," ते हवालदाराला म्हणाले. "सोड त्याला. आग लावणारा माणूस टायरची चंपी करत नाही."

मार्वेच्या धक्क्यावरून तरीने खाडी ओलांडून तो मनोरीत उतरला तेव्हा दुपार झाली होती. महादूचं घर शोधावं लागलं नाही. अंगणात सुकटीच्या पथाऱ्या होत्या आणि त्यांच्या कडेला भिंतीला टेकून हुबेहूब तशीच जावा उभी होती. फरक एवढाच की तिच्या रंगाचे पोपडे उडालेले, टाकीला पोचे, कॅरिअरवरून बर्फाचं पाणी ठिबकतंय आणि टायर मातीने भरलेले. ती वापरातली गाडी होती. सुबोधला ती आपल्या गाडीची गरीब, आजारी बहीण वाटली. नाही, उलट. आजारी होती ती आपलीच.

महादू सत्तरीचा, आखूड, रुंद हातांचा कोळी. त्याने काही न विचारता टायर घेतला, मांडीवर ठेवला, नखाने खरवडला आणि बोट नाकाला लावलं.

"तेल कुनी लावला याला?"

सुबोध सुकटीकडे बघायला लागला.

"रबराला तेल खातंय. उन्हानं दहा वर्सात मरतो, तेलानं पाच वर्सात. कुनी मारला यो टायर?"

"मी," सुबोध म्हणाला. "चांगला दिसावा म्हणून."

महादूची बायको पार्वती सुकट उलटायची थांबली. हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. "प्रेमानं लावला असंल," ती नवऱ्याला म्हणाली. मग सुबोधकडे वळून, "किती फिरवता गाडी?"

"फिरवत नाही. शनिवारी उभ्या उभ्या चालू करतो. अठरा वर्षं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पार्वती म्हणाली, "आमची होरी एक पावसाला जास्ती वालूवर ठेवली ना, तरी तिच्या फल्या उघडतान. मंग पान्यात घातली की पानी आत. लाकूड ओला पायजे. वापरात पायजे." एवढं बोलून ती पुन्हा सुकट उलटायला लागली. सुबोधला वाटलं, तीन दिवस आपण तीन उपनगरं पालथी घातली आणि विचारायचा प्रश्न हिने विचारला.

महादू आत गेला आणि कागदात गुंडाळलेले दोन टायर घेऊन आला. एकाला सरळ रेघा, एकाला चौकोनी ठोकळे. "वर्साला मी एक जोडी मागवून ठेवतो. बनवनारे हायेत अजून, फकस्त दुकानदार ठेवत नाय. आता शीक. लोक आदी नक्षी बगतात, मंग साइज, आनि तारीख बगतच नाय. उलटा करायचा. आदी तारीख." त्याने टायरच्या अंगावरचा एक लहानसा लांबट छाप दाखवला, त्यात चार आकडे. "पयले दोन आटवडा, मागचे दोन साल. या साली, नवव्या आटवड्यात यो जन्मला. मंग साइज. मंग पुडं रेघवाला, मागं ठोकल्यावाला, बाण फिरतो त्या बाजूला. बस."

सुबोधने ते सगळं बसच्या तिकिटामागे लिहून घेतलं. अख्ख्या जगातल्या प्रत्येक टायरवर त्याचा जन्माचा आठवडा लिहिलेला असतो आणि आपण आयुष्यभर टायरांशेजारून चालत आलो! तो नुसता 'अरे वा, अरे वा' करत होता. महादूला असा श्रोता बऱ्याच वर्षांत मिळाला नसावा. त्याने खूश होऊन डब्यातून एक छोटं पितळी गिअर काढून सुबोधच्या तळहातावर ठेवलं. "यो पन घेऊन जा. मीटरचा हाय. तुमच्या गाडीचे किलोमीटरचे आकडे बंद असतील."

"हो, किती वर्षं झाली. तुम्हाला कसं कळलं?"

"सगल्यांचेच असतात. आनि हां, नवा टायर गुलगुलीत असतो. पयले शंबर किलोमीटर हलू चालवायचा, वल्या रस्त्याला ब्रेक मारायचा नाय. शंबर झाले की टायर रस्त्याला लागला."

परत येताना गोरेगावच्या चौकात तोच हवालदार होता. जुना टायर मनोरीलाच राहिला होता, आणि सुबोधच्या दोन्ही खांद्यांवर आता एकेक नवा टायर होता. हवालदाराने कपाळाला हात लावला. "सकाळी एक होता ना?"

"आता दोन झाले," सुबोध अभिमानाने म्हणाला, आणि पुढच्या टायरवरची तारीख त्याला वाचून दाखवली. नववा आठवडा. हवालदाराने मोटारसायकल बाजूला घेऊन आपल्याही टायरची तारीख शोधली, आणि ती वाचून त्याचा चेहरा जरा पडला.

शनिवारी सकाळी लवूंनी टायर पाहिले. वाकवले, दाबले, चार आकडे चष्म्याजवळ नेऊन वाचले. "कोणी सांगल्यान तुका ह्या?"

"मनोरीचे महादू म्हणून आहेत."

"त्या माणसाक कळता," लवू म्हणाले, आणि आठवड्यात पहिल्यांदा चहाचा पेला पूर्ण प्यायले. टायर बसवायला पावडर लागते म्हणून रुचिराचा टाल्कमचा डबा खाली गेला आणि रिकामा होऊन वर आला. रुचिरा म्हणाली, "निदान गाडीला तरी छान वास येईल." सल्लागार मंडळ कठड्यावर रांगेने बसलं होतं. एक्याऐंशी वर्षांच्या हातांनी लोखंडी पट्ट्या सरकवल्या, टायर रिमवर टप्प्याटप्प्याने चढला आणि शेवटचा भाग 'टप' असा आवाज करून आत बसला, तेव्हा किरणसुद्धा फोन खाली ठेवून बघत होता.

रविवारी दहाला सभा सुरू झाली. मार्तंड दिघे कॉरम मोजून, घड्याळ बघून पार्किंगमध्ये आले, बरोबर सगळे सभासद. आता गाडी चालवणार कोण, हा प्रश्न अजून कुणी उघड विचारला नव्हता. बाबांचं लायसन कधीच संपलेलं, गुडघे त्याच्याही आधी. सुबोध फडकं घेऊन आपल्या जागी उभा होता. त्याला वाटलं, बाबा आता किरणला हाक मारणार.

लवूंनी आधी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मग नारळ हातात घेऊन, डोळे मिटून, गावच्या देवळात घालतात तसं मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज तुझां लेकरू नव्या टायरार भायर पडता, तेच्या वाटेत खड्डो इलो तर बाजूक सार रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सोसायटीतले कोकणातले सगळे एका आवाजात म्हणाले.

"ट्रक इलो तर थांबव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि सेक्रेटरीच्या मनात काय वाकडां आसात तर तां सरळ कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी सगळ्यात मोठा आवाज खुद्द मार्तंड दिघ्यांचा होता. ओघात ते म्हणून गेले आणि मग चष्मा पुसत राहिले.

लवूंनी डोळे उघडले, सुबोधच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि त्या जागी किल्ली ठेवली. "मी मागे बसतंय. तू चालव."

सुबोधला ऐकू आलं, पण समजायला वेळ लागला. गाडी चालवायला तो ऑफिसातल्या मित्राकडून लपूनछपून शिकला होता, लायसन होतं, आणि आजवर ते त्याने बाबांना दाखवलं नव्हतं.  पहिल्या किकेला इंजिन लागलं नाही. दुसऱ्याला लागलं. लिंबू फुटलं, गाडी अठरा वर्षांनी जागची हलली, आणि कठड्यावर टाळ्या पडल्या. गेटमधून बाहेर पडून वळायला जागा मिळाली तशी सुबोधने गाडी वळवायला घेतली.

"फिरव नको," मागून आवाज आला. "सरळ जा."

"बाबा, सभा संपायच्या आत परत..."

"नवो टायर आसा. शंभर किलोमीटर झाल्याशिवाय लागणा नाय. सरळ जा म्हणतंय ना!"

आणि सुबोध सरळ गेला. लिंक रोडने, आरेच्या झाडांतून, हळू, ब्रेकवर पाय न देता. गाडी पायांखाली अशी गुणगुणत होती की इतकी वर्षं ज्या आवाजाने त्याच्या अंगावर काटा येत होता, तो आवाज म्हणजे सगळा मिळून अर्धाच होता हे त्याला आता कळत होतं. उरलेला अर्धा रस्त्याचा होता. बाबांचा एक हात त्याच्या खांद्यावर होता. इतका आनंद आपल्याला झेपेल का, अशी त्याला खरोखर भीती वाटली.

मार्वेच्या धक्क्यावर त्यांनी नारळपाणी घेतलं. पलीकडे मनोरीच्या होड्या दिसत होत्या. मन घट्ट करून सुबोध म्हणाला, "बाबा, एक सांगायचंय. जुने टायर माझ्यामुळे गेले. मी त्यांना दर शनिवारी..."

"खोबरेल लावय होतंस," लवू समुद्राकडे बघत म्हणाले. "माका म्हायत आसा. वास येय."

"मग बोलला का नाहीत? तेलाने रबर जातं ते तुम्हाला तर..."

"टायर काय, दुसरे गावतत," लवू म्हणाले. "तू इतक्या मायेन पुशीत होतंस. तुका काय सांगतलंय?" आणि त्यांनी शहाळं सुबोधच्या हातात देऊन फडक्याने सीट पुसायला घेतली. सुबोधला खूप काही बोलायचं होतं. पण तो दोन्ही शहाळी धरून नुसता उभा राहिला.

परत येईपर्यंत साडेचार वाजले. गाडी तर भंगारात गेलीच, असं समजून त्याने गेटमधून आत घेतली, तर गच्चीवरून सभेचा आवाज येत होता. विषय क्रमांक तीन, पाण्याच्या टाकीची गळती, पाच तास चालला होता आणि अजून पुढे सात विषय होते. मार्तंड दिघ्यांनी वरून वाकून पाहिलं, घड्याळ पाहिलं, नोटीस काढून पुन्हा वाचली, आणि नियम तो नियम म्हणून इतिवृत्तात लिहिलं, 'सदर वाहन सभा संपण्यापूर्वी आपल्या जागी आले. वाहन चालू आहे.'

त्यानंतर शनिवारचा कार्यक्रम बंद झाला आणि रविवारचा सुरू झाला. दर रविवारी सकाळी बापलेक बाहेर पडतात. कधी बोरिवली, कधी चेंबूर, एकदा मनोरीला महादूकडे जेवायला. रुचिरा विचारते, "अहो, झाले का शंभर?" सुबोध बाबांकडे बघतो. बाबा गाडीजवळ जाऊन, वाकून, चष्मा सावरून मीटर बघतात. आकडे जिथे अडकले होते तिथेच आहेत. "नाय झाले अजून," ते गंभीरपणे सांगतात. महादूने दिलेलं पितळी गिअर सुबोधने कपाटाच्या खणात रुमालाखाली ठेवलंय. ते बसवायला बाबांना दहा मिनिटं पुरतील. परवा त्याने पाहिलं, बाबांनी चष्म्याचं घर शोधताना तो खण उघडला, रुमाल उचलला, गिअर बराच वेळ निरखलं, रुमाल पुन्हा नीट पसरला आणि खण हळूच बंद केला.